तोंड वासलेलं पुस्तक

"हे काय, मुंग्यांना वाचायला का?" असं माझी सासू म्हणाली, आणि तिथून घरात माझं नाव मुंगी पडलं.

मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काडेपेटीहून लहान पुस्तक शिवत होते. शिवत होते म्हणजे सुईदोऱ्यानेच. पानांच्या इवल्या घड्या एकीत एक घालायच्या, त्यांच्या पाठीला सुईने भोकं पाडायची, भोकांतून मेण लावलेला दोरा ओढायचा. मोठ्या पुस्तकाला जे जे लागतं ते सगळं या चिमुकल्यालाही लागतं. पुठ्ठा लागतो, कापड लागतं, खळ लागते, पाठ सरळ लागते. फक्त चुकायला जागा नसते. मोठ्या पुस्तकात दोराभर चूक दडून जाते. माझ्या पुस्तकात दोराभर चूक झाली की पानावरचं अर्धं चित्रच गेलं समजायचं.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. रद्दीतली पुस्तकं उसवायची, आत कशी बांधलीत ते बघायचं, पुन्हा बांधायची, पुन्हा बिघडवायची, असं करत शिकले. माझा नवरा याला 'तिचा छंद' म्हणतो. पाहुण्यांसमोर, मोठ्या कौतुकाने. या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. छंद ही पोटभर जेवून झाल्यावर करायची गोष्ट असते. मी जेवायचं विसरून करते, त्याला काय म्हणायचं ते त्याने अजून शोधलेलं नाही.

सासूने मात्र कधी छंद म्हटलं नाही. तिने उभा जन्म एका छापखान्याच्या बांधणी विभागात काढला होता. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, हे तिचं काम. एक हाडाची पट्टी, एक लाकडी फळी, आणि समोर कागदाचा डोंगर. तिकडे कटिंगवाला कागद कापून, नीट लावून तिच्यापुढे ठेवायचा आणि तिने घडी मारायची. तिची घडी बघावी. सुरीची धार. त्यामुळे माझं काम हातात घेतलं की ती आधी घडी बघायची, मग नाक मुरडायची.

"दोरा ढिला आहे, मुंगे."

"आई, दोरा बरोबर आहे."

"मग पुस्तक ढिलं असेल. कुणीतरी ढिलं आहे इथे."

लागायचं ते बोलणं. पण तिच्या टोमण्यात मला निदान कारागीर म्हणून धरलेलं असायचं. नवऱ्याच्या कौतुकात तेवढंही नव्हतं.

आणि टोमणे तरी काय एकेक! झोपेतून जरा उशिरा उठावं तर म्हणायची, "उठलात महाराणी? सूर्य दोनदा येऊन गेला, म्हटलं झोपू द्या." कपाट आवरलं की म्हणायची, "कपाटाची आतडी तेवढी बाहेर राहिली बघ." नवऱ्याचं पोट सुटलं तेव्हा म्हणाली, "तुझ्या स्वयंपाकाबद्दल बाळ्या एक शब्द बोलत नाही. सगळं पोटातच ठेवतो बिचारा." बाळ्या म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो, चांगला दाढीमिशीचा बाप्या आहे, पण घरात बाळ्याच. आणि मी कधी रुसून गप्प बसले की म्हणायची, "तू गप्प बसलीस की मला भीती वाटते, कुठे आग तर लागली नाही ना?"

मग एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप गळून पडला. पाठोपाठ तीही.

अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला, तोंडाची उजवी बाजू खाली लोंबली. ओठ पुरते मिटेनात. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा काहीतरी बोलायला गेली. पाणी मागत असावी. बाहेर आलं ते काहीतरी बोबडं, ओलं, गिळगिळीत. माझी नणंद पायथ्याशी उभी होती. ती हसली. वाईट मनाने नाही, सुटल्यासारखी हसली, आई जगली म्हणून. "अय्या, आई बघ कशी बाळासारखी बोलते!"

सासूने तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर ती बोलली नाही. तोंड उघडंच होतं, पण त्यातून शब्द बंद.

डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे आत शाबूत आहेत. जीभ आळसावली आहे, तिला कामाला लावा. सुरुवातीचे महिने हातचे गेले तर मग कठीण होऊन बसेल. बोलतं करा त्यांना.

बोलतं करा म्हणे. बाईच्या मनात नसेल तर कोण बोलतं करणार? वाचा शिकवायला एक मुलगी घरी यायची, बिचारी गुणी होती. आरसा समोर धरून "आजी, म्हणा, आऽऽ" करायची. सासू आरशाच्या पलीकडची भिंत बघायची. नणंद रोज फोनवर लाडात यायची, "कशी आहे माझी सोनुली?" एक जन्म घड्या घालून दोन मुलं वाढवलेली बाई सोनुली झाली. नवरा तिला सूप भरवताना स्वतःचं तोंड उघडायचा आणि "हं, अजून एक, अजून एकच" करायचा. शेजारपाजारचे येऊन तिच्याशी असं बोलायचे की जणू ती पाळण्यात आहे. एकही माणूस तिच्याशी सरळ आवाजात एक वाक्य बोलला नाही.

आणि मी काही निराळी नव्हते. मीही गोड झाले होते. घासून पुसून गोड.

एकदा मी माझं एक पुस्तक तिच्या डाव्या हातात ठेवलं. आमच्या गल्लीतल्या खिडक्यांचं, एका पानावर एक खिडकी. फार जमून आलेलं. ती ते उघडायला गेली. आता चांगलं बांधलेलं चिमुकलं पुस्तक अंग चोरून असतं. एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने उघडायचं, तेव्हा ते उघडतं. हिला दुसरा हात कुठला? अंगठ्याने कव्हर उचललं की पटकन मिटायचं. पुन्हा उचललं, पुन्हा मिटलं. शेवटी तिने ते भिरकावलं. कपाटावर आपटून खाली पडलं.

"असू दे हं, आई," मी म्हणाले. "काही होत नाही हं."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की सांगता सोय नाही. पुस्तक भिरकावल्याचा राग त्यात नव्हता. माझ्या 'हं'चा होता.

घर फार शांत झालं. मला त्या शांततेत काम होईना. सुई हातात घेतली की कान मागे लागायचे, आता काहीतरी बोलेल, आता दोरा ढिला म्हणेल. काही नाही. मग मला तिचे टोमणे आठवायला लागले. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना एकेक वर यायचा आणि मी एकटीच हसायचे.

त्याच सुमाराला प्रदर्शनवाल्या बाईंचा निरोप आला. त्या लहान पुस्तकांचं प्रदर्शन भरवतात, माझी दोन-तीन पुस्तकं त्यांनी पूर्वी मांडली होती. नवीन काही आहे का, असं विचारत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "टोमण्यांचं पुस्तक करतेय."

एका पानावर एक टोमणा. बारीक टाकाने, शाईने. पुस्तक तळहातात मावेल असं. आणि कागद कुठला, ते ठरवायलाच नको होतं. छापखाना बंद पडला तेव्हा सासूने तिथून एक कागदाचा गठ्ठा आणला होता. पातळ, सायीच्या रंगाचा, शाई न फुटणारा. तसा कागद आता मिळत नाही. गठ्ठा तिच्या पलंगाखाली असायचा आणि मी मागितला की ती एकेक ताव मोजून, सोबत एक टोमणा लावून द्यायची. आता देणारी गप्प होती. उरलेले शेवटचे ताव मी तिच्यासमोरच काढले. "घेऊ ना, आई?" ती खिडकीबाहेर बघत राहिली.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. कागदाला कल असतो. कापडाला उभा-आडवा धागा असतो ना, तसंच. यंत्रावर कागद तयार होताना आतले तंतू एका दिशेने निजतात. त्या दिशेने घडी घातली की कागद निमूट वाकतो, पान पडून राहतं. आडव्या दिशेने घातली तर कागद वाकतो खरा, पण मनातून वाकत नाही. मोठ्या पुस्तकाचं पान स्वतःच्या वजनाने खाली बसतं, म्हणून तिथे खपून जातं. चिमुकल्या पानाला वजनच नसतं. ते ताठ उभं राहतं, आणि पुस्तक कितीही दाबा, उघडंच राहतं. मी हे कितीतरी कागद नासवून शिकले.

तर मी ताव कापले. तुकडे असे होते की लांबी-रुंदी जवळजवळ सारखी, नुसतं बघून कल कळायचा नाही. म्हणून प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली, की घडी या बाजूने. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि कव्हरसाठी कापड आणायला बाहेर पडले. सुट्टीचा दिवस होता. नवरा टीव्हीसमोर, सासू तिच्या चाकाच्या खुर्चीत.

परत आले तर दार उघडायला नवरा नाचतच आला.

"अगं बघ, बघ तर! मला जरा डुलकी लागली होती. उठून बघतो तर आईने सगळं करून टाकलंय! एका हाताने! शाब्बास गं आई, शाब्बास!" आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

टेबलाशी सासू बसली होती. समोर सगळ्या तुकड्यांच्या घड्या, एकावर एक रचलेल्या, कडेला कड लागलेली. कसं केलं ते दिसतच होतं. तिचा तो निकामी उजवा हात तिने डाव्या हाताने उचलून कागदावर ठेवला होता, वजन म्हणून. आणि डाव्या हाताच्या नखाने घडी मारली होती. मेलेल्या हातालासुद्धा बाईने कामाला लावलं होतं.

मी वरची घडी उचलली. काय तिची रेषा! मग चिमटीत दाबली आणि सोडली. घडीने जांभई दिली. दुसरी घेतली. तिनेही. कडेला बघितलं. पेन्सिलीची रेघ उभी, घडी आडवी. खालची, त्याखालची, सगळा गठ्ठा.

मला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. 'वा आई, किती छान हं.' ते ओठांवर आलंसुद्धा होतं. नवरा डोळ्यांनी तेच खुणावत होता. मी सासूकडे बघितलं. तिला टाळ्या ऐकूही आल्या नव्हत्या. तिची नजर माझ्या हातातल्या घडीवर होती. ती नजर मला माहीत आहे. आपलं काम दुसऱ्याच्या हातात गेलं की कारागीर असं बघतो. त्याला शाब्बासकी नको असते, कसं झालंय ते हवं असतं.

या बाईला मी खोटं सांगू?

"हे काय करून ठेवलंत तुम्ही?" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. "आडव्या घातल्यात घड्या! सगळ्याच्या सगळ्या आडव्या! कडेला रेघ मारलेली दिसत नाही? डोळे कुठे होते?"

"अगं, हळू!" नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "तिची तब्येत—"

"तब्येतीचं नाव काढू नकोस! वारा अंगावरून गेलाय त्यांच्या, अकलेवरून नाही." मी पुन्हा सासूकडे वळले. आता थांबणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. महिनोन् महिने गोड बोलून बोलून आत सगळं आंबलं होतं. "जन्मभर घड्या घातल्यात ना? आणि कागदाचा कल बघता येत नाही? मला म्हणायचात दोरा ढिला! आता काय ढिलं आहे, सांगा ना! शेवटचा कागद होता तो माझा. हात लावण्याआधी विचारायचं तरी. पण कसं विचारणार? विचारायला तोंड उघडावं लागतं! ते नाही उघडायचं. आम्ही सगळे तुमच्यापुढे आऽऽ करत बसायचं, आणि तुम्ही भिंत बघायची!"

नवरा खुर्चीचा दांडा धरून उभा, जणू आई आता उडून जाणार आहे.

सासूच्या चेहऱ्याची डावी बाजू लाल होत चालली. गळ्याची शीर तटतटली. ओठ हलले. लाळ हनुवटीवर आली.

"म... म..."

"काय आई? पाणी? पाणी हवंय का?" नवरा खाली वाकला. तिने डाव्या हाताने त्याचं तोंड बाजूला ढकललं. मी दिसत नव्हते ना तिला.

"मा... झा," ती म्हणाली. "का-गद. माझा."

मला वाटतं नवरा रडायला लागला. मी बघितलं नाही. मी तिच्यावरून नजर काढली असती तर सगळं संपलं असतं.

"तुमचा कसा? दिलात ना मला?"

तिने मान हलवली. जीभ आत कुठेतरी शोधत होती, दातांवर आपटत होती. किती वेळ गेला. मग शब्द बाहेर पडला, ओला, वाकडा, पण पुरा.

"उ-सना."

उसना दिला होता म्हणे! मी हसू दाबायला गेले आणि माझ्या नाकातून भलताच आवाज आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजाखाली काय करायचं ते करून घेतलं. परत आले तेव्हा ती तशीच बसली होती, हातात एक घडी धरून. चिमटीत दाबून सोडत होती. दाबून सोडत होती.

"कल?" तिने विचारलं.

तेव्हा मला कळलं. तिला खरंच माहीत नव्हतं. छापखान्यात कटिंगवाला कागद लावूनच द्यायचा, कल बघूनच. तिच्यापुढे आलेला प्रत्येक कागद सुलट दिशेनेच वाकणारा. उलट वाकणारा कागद तिच्या हातात कधी आलाच नव्हता. मी एक कपटा ओला करून टेबलावर ठेवला. तो गुंडाळत गेला. "बघा. ही नळी ज्या दिशेला निजलीय, तो कल." मग दुसरा तुकडा तिच्या बोटात दिला, आधी असा वाकवून, मग तसा. तिने डोळे मिटून वाकवून बघितला. एकदा, दोनदा. मग डोळे उघडले आणि म्हणाली,

"मेल्याने... कधी... सांगितलं नाही."

मेला म्हणजे कटिंगवाला. तो खरंच मेला होता, कधीच. तरी शिवी बसली त्याला.

त्या दिवसापासून आमच्या घरात भांडणं सुरू झाली. मी ठरवून उकरून काढायचे. सूप कमी तिखट केलं तर का केलं, खिडकी उघडी ठेवली तर का ठेवली. ती एका शब्दावरून दोनावर आली, दोनावरून अर्ध्या वाक्यावर. दमली की नुसतं "मुंगे!" म्हणून भागवायची, पण त्यातसुद्धा सूर बरोबर लागायचा. वाचा शिकवणारी मुलगी आली तर थक्क झाली. "काय करता तुम्ही यांच्याकडून?"

"भांडतो आम्ही," मी म्हटलं. "जेवणाआधी आणि जेवणानंतर."

"आणि... मध्ये," सासू म्हणाली.

नणंदेच्या फोनवर तिने एके दिवशी "सोनुली" ऐकून घेतलं आणि सगळं बळ एकवटून म्हणाली, "तुझी... आई आहे मी." मग नणंद रडली, आणि नंतर जन्मात पहिल्यांदा आईशी माणसासारखं बोलली.

राहिलं पुस्तक. दुसरा कागद नव्हता. घडी एकदा बसली की बसली, उलगडून पुन्हा घातली तर पानावर वण राहतो. नवरा म्हणाला, "दुसऱ्या कागदावर कर ना. दुकानात कागद काय कमी आहे?" मी आणि सासू, दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं. तो बिचारा लिफ्टचं काम आठवून निघून गेला.

मी त्याच घड्यांवर लिहायला घेतलं. दुपारी सासू समोर बसायची. मी टोमणा मोठ्याने म्हणायचे, तिने हो म्हटलं की टाक उचलायचे. पण ती सरळ हो म्हणेल तर शपथ!

"'उठलात महाराणी? सूर्य दोनदा येऊन गेला—'"

"तीन... दा."

"दोनदा म्हणाला होतात."

"तू... झोपलेली... होतीस. तुला... काय... माहीत?"

'तीनदा' असं लिहिलं. कपाटाच्या आतड्यांना तिने मान डोलावली. बाळ्याच्या पोटाचं ऐकून ती अशी हसली की लाळ पुसायला मी उठले, तर माझ्या हातातून रुमाल घेऊन तिने स्वतः पुसली. आगीचा टोमणा मी शेवटी ठेवला होता. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते, कुठे आग तर लागली नाही ना. ती माझ्याकडे बघत राहिली. काही दुरुस्ती सांगितली नाही.

पुस्तक शिवलं, पाठीला खळ लावली, पुठ्ठ्यावर, आणलेलं कापड बाजूला ठेवून, तिच्या जुन्या निळ्या झग्याचं कापड चढवलं. रात्रंदिवस इस्त्रीखाली, शब्दकोशांखाली, नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीखाली दाबून ठेवलं. वजन काढलं की पुस्तक हळूच उघडायचं. पानं पंख्यासारखी पसरायची आणि ते टेबलावर तोंड वासून बसायचं.

प्रदर्शनवाल्या बाई न्यायला आल्या. बाई चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. पुस्तक त्यांनी दोन बोटांनी उचललं, दोन पानं वाचली, खुदकन हसल्या. मग मिटायला गेल्या. मिटलं, सोडलं, उघडलं. पुन्हा मिटलं.

"हे जरा... मिटत नाही ना?" त्या संकोचाने म्हणाल्या. "काचेखाली ठेवताना एखादी रिबन बांधू का? म्हणजे नीट बंद राहील."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूने डावा हात पुढे केला. बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. पुस्तकाची पाठ तळहातावर ठेवून तिने बोटं मिटली. आणि पुस्तक उघडंच होतं, त्यामुळे अंगठा आपसूक आत शिरला. पान उलटलं. पुढचंही. ताठ पानं होती, एकेक सुटं उभं, अंगठ्याला वेगळं सापडत होतं. तिने खिडक्यांचं पुस्तक भिरकावलं होतं तोच हात, तोच अंगठा. मी बघत होते. मला ओरडायचं होतं, पण ओरडले असते तर तिची जागा चुकली असती.

ती एका पानावर थांबली. तोंडाचा डावा कोपरा वर गेला. मग पुस्तक बाईंपुढे धरून म्हणाली,

"मिटत... नाही." आणि त्याच हाताच्या करंगळीने स्वतःच्या लोंबलेल्या ओठाकडे खूण केली. "माझंही."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"बांधायचं... नाही," सासू म्हणाली. "कुणाचंच... तोंड."

मग पुस्तक तिने झग्याच्या खिशात टाकलं. विषय संपला.

"अहो, पण आई," मी म्हटलं, "प्रदर्शनात द्यायचं होतं ते! मी केलंय ते!"

"कागद... कुणाचा?"

बाई खिडक्यांचं पुस्तक घेऊन गेल्या. ते काचेखाली निमूट मिटून बसेल. त्याला वळण आहे.

काल दुपारी मी कामाला बसले होते. सासू खुर्चीतच पेंगली होती, मान एका बाजूला, तोंड उघडं. मांडीवर पुस्तक, तेही उघडं. दोघं अगदी एकासारखी एक. नवरा कामावरून लवकर आला होता. त्याने पुस्तक अलगद उचललं. "पडेल. पुन्हा दाबून ठेवू का गं वजनाखाली? हळूहळू मिटेलही."

"ठेव ते खाली! हात लावशील तर याद राख!"

सासूने डोळे न उघडताच काहीतरी पुटपुटलं. शब्द एकात एक अडकले होते, अर्धे लाळेत बुडालेले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं, पहिल्या खेपेतच. झोपलेल्या माणसाला ओरडून अंगाई म्हणायची रीत आपल्याच घरात आहे, असं म्हणत होती ती.

"काय म्हणालात?" मी विचारलं. "ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."

तिने एक डोळा उघडला. मोठा उसासा टाकला, आणि पुन्हा म्हणाली. या वेळी एकेक शब्द सोडवून.

"अजूनही नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा."